सहाव्या मजल्यावरचा सूड

२ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७.२०

आज बागेत जे झालं ते इथे लिहून ठेवतो. पुढे कधी माझं मन मऊ पडलं तर वाचता येईल.

तळ्याकाठच्या बाकावर एक अनोळखी आजी बसल्या होत्या. त्यांनी बाईसाहेबांना (माझी मुलगी, वय दोन वर्षं चार महिने) विचारलं, "कोणाबरोबर आलीस गं?" बाईसाहेबांनी बोट केलं. मेहुण्याकडे. मी शेजारीच उभा होतो. एका खांद्यावर दुधाच्या बाटलीची पिशवी, दुसऱ्यावर कपड्यांची, हातात छत्री, एक छोटा बूट आणि अर्धं खाल्लेलं केळं. आजी मेहुण्याला म्हणाल्या, "नाक अगदी बापावर गेलंय हो." मग माझ्याकडे बघून, "आणि हे सामानाला का?"

बायको इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं.

सूड हा शब्द जरा मोठा आहे. दुसरा शोधून पाहिला. सापडला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ६.४०

परिस्थितीचा आढावा.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. त्याच्या घराचं छत गळायला लागलं म्हणून आमच्याकडे आला. "भावोजी, फक्त चार दिवस." आज एकोणिसावा. त्याची पाळी तीनला संपते, म्हणून हल्ली पाळणाघरातून बाईसाहेबांना तोच आणतो. बायको लॅबमधून सहाला येते, मी साडेसहाला. म्हणजे चार ते सहा मुलगी संपूर्णपणे शत्रूच्या ताब्यात.

परिणाम दिसतोच आहे. सकाळी डोळे उघडले की "मामा". दात घासायला मामा. बूट घालायला मामा. मी उचललं की अंग ताठ करून फळीसारखी होते आणि ते दोन शब्द म्हणते. "बाबा नको."

मला वाईट वाटत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

संकल्प: येत्या रविवारी प्राणिसंग्रहालय. मी आणि ती. मामाने तिला फार तर जिन्यातलं मांजर दाखवलं असेल. मी हत्ती दाखवणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

मामाच्या संगतीचे दुष्परिणाम.

बाईसाहेब आता दिसेल त्या दारावर तीनदा टकटक करतात. फ्रिज, कपाट, न्हाणीघर, काहीही. टक टक टक. मग मान तिरकी करून ऐकतात आणि गंभीरपणे म्हणतात, "चालेल." आज वॉशिंग मशीनला चालेल म्हणाल्या. काल शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या घराला म्हणाल्या, आत कुत्रा असताना.

बायकोला म्हटलं, बघ, तुझ्या भावाने पोरीला काय खूळ लावलंय. ती म्हणाली, "हे काही त्याच्याकडून आलेलं नाही." मग कोणाकडून? ती नुसती हसली आणि कांदा चिरत राहिली. भावाची बाजू घेणारच.

आणखी एक. माझं जुनं पिवळं हेल्मेट, पट्टा तुटलेलं, कपाटावर ठेवलेलं असतं. आज ते चपलांच्या रॅकमध्ये सापडलं. आत बिस्किटाचा चुरा. हा मनुष्य माझ्या हेल्मेटमधून बिस्किटं खातो! चौदा वर्षं लिफ्ट निरीक्षक म्हणून नोकरी करतोय, त्यातली नऊ त्या हेल्मेटखाली. त्याचा याने वाडगा केला.

नोंद घेतली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ३.१५

प्राणिसंग्रहालय. मेहुण्याला मुद्दाम घरी ठेवलं. निघताना तो दारात आला. "भावोजी, तिला साडेदहाला झोप येते, तेव्हा जरा लवकर..." मी पुढचं ऐकलं नाही. शत्रूच्या सल्ल्याने युद्धं जिंकत नाहीत.

१०.२५ ला फाटकातून आत. १०.३० ला बाईसाहेब गाढ.

हत्ती झाला. वाघ झाला. दोन अस्वलं झाली. प्रत्येक पिंजऱ्यापुढे मी बाबागाडी थांबवली. तिला नाही तर निदान प्राण्यांना तरी कळावं की आम्ही आलो होतो. बारा वाजून दहा मिनिटांनी, बाहेर पडायच्या लोखंडी दारापाशी, डोळे उघडले. खाली उतरली. दारावर टक टक टक. "चालेल." मग सगळीकडे बघून म्हणाली, "मामा?" मी म्हटलं, बाबा आहे ना. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, नीट विचार केला, आणि भोकाड पसरलं.

घरी आल्यावर मेहुण्याने विचारलं, "काय काय पाहिलं?" ती म्हणाली, "दार."

हे त्याने पढवलेलंच असणार.

१० नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळी ६.५०

सापडला! रंगेहाथ सापडला.

चार ते सहा काय करता असं विचारलं की तो म्हणतो, "काही नाही भावोजी, फिरतो इकडे तिकडे." सकाळी वॉचमनला सहज विचारलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, ते फाटकाबाहेर पडतच नाहीत की." तेव्हाच ठरवलं. ऑफिसात पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि पावणेपाचला इमारतीत येऊन लिफ्टसमोर उभा राहिलो.

लिफ्ट वर होती. आकडा सहा. पाच. थांबली. चार. थांबली. तीन. थांबली. अशी प्रत्येक मजल्याला थांबत थांबत खाली आली. दार उघडलं. आत मेहुणा, कोपऱ्यात अंग चोरून, हातात वही. त्याच्या पायांमागून बाईसाहेबांचं तोंड बाहेर आलं. मला बघताच किंचाळल्या, "बाबा नको!" आणि बटण दाबलं. दार बंद. माझ्या तोंडावर. लिफ्ट निरीक्षकाच्या तोंडावर.

म्हणजे हे रहस्य! माझ्या मुलीचं मन या माणसाने लिफ्ट खेळायला देऊन जिंकलंय. लिफ्ट हे खेळणं नाही. शाळाशाळांत जाऊन मी मुलांना हे सांगतो. उन्हाळ्यात बाईसाहेबांनी स्वतः मला "लिफ्ट, लिफ्ट" करून शर्ट ओढला होता, तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं होतं. समजावून. दोनदा.

आणि हा? फुकटची लोकप्रियता!

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ५.५०

आमच्या इमारतीची लिफ्ट माझ्या विभागात येत नाही. ती डुलकीकडे आहे. (डुलकी म्हणजे आमच्या ऑफिसातला दुसरा निरीक्षक. टेबलावर कोपर टेकलं की त्याला लागते.) म्हणजे मला फक्त एक सामान्य नागरिक म्हणून तक्रार करायची आहे. रीतसर.

पहाटे उठून लिहिली. दोन पानं. "सदर इसम एका लहान बालिकेसह लिफ्टचा वापर प्रवासाव्यतिरिक्त अन्य हेतूने करीत असून दररोज अंदाजे शंभर वेळा दाराची उघडझाप केल्यामुळे दाराचा सेन्सर क्षीण झाल्याचा दाट संशय आहे." वाचून मलाच धडकी भरली. चांगलं लिहितो मी.

अपेक्षा: डुलकी येईल, लिफ्टमध्ये "मुलांनी खेळू नये" अशी पाटी लावेल, जाईल. कायद्याने वागणारा मेहुणा पाटी वाचून गप्प बसेल. रक्ताचा थेंबही न सांडता विजय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, रात्री ८

डुलकी कधी नव्हे तो जागा होता.

माझं काम मला ठाऊक आहे. मी दोर बघतो, ब्रेक बघतो, टॉर्च मारून दाराची फट बघतो, आणि सगळं मनासारखं असेल तर बोटांच्या पेरांनी दारावर तीनदा टकटक करून "चालेल" म्हणतो. मी चालेल म्हटलं की लिफ्ट चालते. डुलकीची अशी काही पद्धतच नाही. तो बाहेरून बघतो आणि सही करतो. पण आज त्याने तक्रार वाचून सेन्सर खरोखर तपासला. सेन्सर खरोखर क्षीण निघाला. लिफ्ट सील. नवा भाग यायला आठ-दहा दिवस.

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, हा मुद्दा तक्रार लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तितकासा नव्हता.

पण सूड म्हटला की थोडी झळ लागायचीच. शत्रूलाही जिने चढावे लागतील.

बायकोने भावाकडून ऐकून सांगितलं ते लिहून ठेवतो, उगाच. बाईसाहेब पाळणाघरातून आल्यावर लिफ्टपुढे उभ्या राहिल्या. सीलच्या कागदावर टक टक टक केलं. मान तिरकी करून ऐकलं. मग म्हणाल्या, "झोपली." आणि ती उठेल म्हणून तिथेच फरशीवर बसून राहिल्या. अर्धा तास.

दोनदा तोंड धुऊन आलो. जिन्यात धूळ फार आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हा माणूस हार मानत नाही.

संध्याकाळी घरी आलो (सहा मजले, मध्ये दोन विश्रांती), तर दोघं दिसेनात. बेडरूममधून आवाज. माझं कपडे ठेवायचं कपाट उघडलं. आत मेहुणा गुडघे पोटाशी घेऊन बसलाय, बाईसाहेब उभ्या, दाराच्या आतल्या बाजूला चष्म्याच्या काचांवर येतात ते गोल स्टिकर ओळीने चिकटवलेले. बटणं. माझे सगळे शर्ट पलंगावर. आणि माझ्याकडे बघून परत तेच. "बाबा नको! बाबा नको!"

मेहुणा म्हणाला, "भावोजी, तसं नाहीये ते, मी सांगतो..." मी म्हटलं, काही सांगू नकोस, शर्टांना चुण्या पडतात. आणि एकेक शर्ट परत आत लावला. शांतपणे. समोर उभा राहून. सतरा शर्ट.

सूड नेहमी आरडाओरडा करूनच घ्यावा लागतो असं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, आडवा पडून

मोठ्या बागेतली छोटी आगगाडी. या वेळी सकाळी नऊलाच निघायचं ठरवलं, झोपेच्या आधी. (हे माझं मलाच सुचलं.)

बाबागाडी, पिशव्या, छत्री आणि बाईसाहेब घेऊन सहा मजले खाली. तिसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, बूट राहिले. परत वर. परत खाली. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दारात खुर्ची टाकली होती. त्यांचे गुडघे गेलेत, चार दिवस खाली उतरलेल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्या मेल्याने ही लिफ्ट बंद पाडली ना, त्याला सात जन्म माझे गुडघे मिळोत." मी म्हटलं, "अगदी खरं आहे आजी. काय लोक असतात!" त्यांनी दुधाची पिशवी आणायला सांगितली. म्हटलं, रोज आणीन.

आगगाडीत बाईसाहेब पहिल्या फेरीपासून "लिफ्ट" म्हणून रडल्या. ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं, "काय म्हणतेय?" मी म्हटलं, काही नाही, तिला गाडी फार आवडलीय.

परतताना ती कडेवर झोपली. झोपेत अंग ताठ नसतं तिचं. गाल खांद्यावर पडला की तो तिथेच वितळतो. पाचव्या मजल्यापर्यंत मी एकदाही थांबलो नाही, मुद्दाम, जाग यायला नको म्हणून. पाचव्याच्या वर तिसऱ्या पायरीवर पाठीत कडाक् झालं.

मेहुणा धावत आला. तिला आधी उचलून नेलं. मग मला. "भावोजी, खांद्यावर हात टाका. हळू. पाय मी धरतो." शत्रूच्या खांद्यावर हात टाकून मी माझ्या घरात शिरलो.

हेही वसूल करणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पलंगावर. हलता येत नाही. मेहुणा कमरेला शेक देतो, माझं आणि आजींचं दूध आणतो, वर्तमानपत्र धरून बसतो. असं वागून तो मला काय दाखवू पाहतोय, हे मला कळत नाही असं नाही.

दुपारी बाईसाहेब खोलीत आल्या होत्या. पलंगाच्या कडेवर टकटक केलं. ऐकलं. निघून गेल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी

सर्वनाश.

डुलकी सेन्सर बसवायला मेकॅनिक घेऊन आला. काम झालं, पण सील अजून निघायचं होतं, म्हणून माझी विचारपूस करायला सहा मजले चढून वर. सगळे खोलीत. मी डोळ्यांनी खुणा करत होतो. त्याला वाटलं पाठ दुखतेय.

म्हणाला, "काय तक्रार लिहिलीत हो! साहेबांनी ऑफिसात फळ्यावर लावलीय. म्हणाले, तक्रार अशी असावी. एक प्रत तुमच्यासाठी आणलीय."

बायकोने प्रत घेतली. उभ्याने वाचली. दोन्ही पानं. डुलकी चहा पिऊन जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सदर बालिका तुमची आहे." एवढंच. आणि बाहेर गेली.

मेहुणा हसेल असं वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "भावोजी, एकदा बोलायचंत ना. ती तुम्हाला का नको म्हणते ते तरी विचारायचंत." मी भिंतीकडे वळलो. म्हणजे वळायचा प्रयत्न केला. पाठ.

माझं कारण पूर्णपणे तांत्रिक होतं. सेन्सर क्षीण होताच.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी १२

विजय!

मेहुण्याच्या घराचं छत दुरुस्त झालं. आज गेला. लिफ्ट सुरू झाली होती, तिच्यातूनच गेला. जाताना माझ्या हातात ते जुनं हेल्मेट दिलं, पुसून लख्ख केलेलं. म्हणाला, "हे लागेल तुम्हाला." टोमणा होता की काय, अजून कळलेलं नाही.

बाईसाहेब रडल्या नाहीत. बूट घेऊन दारापाशी बसल्या आहेत. मी म्हटलं, चल, बाबाबरोबर खेळू. नाही. चेंडू? नाही. शेवटी मीही जमिनीवर टेकलो, पाठ सांभाळत, दोन हात अंतर ठेवून. जिंकलेल्याने थोडी माणुसकी दाखवावी.

उद्या विजयाची सहल. मत्स्यालय. सकाळी नऊ. आता मध्ये कोणी नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपारी १.१०

मत्स्यालयाला गेलो नाही.

नऊला निघालो. लिफ्टचं दार उघडलं. बाईसाहेब कडेवरून घसरल्या, धावत घरात गेल्या आणि परत आल्या. डोक्यावर माझं पिवळं हेल्मेट, नाकापर्यंत. एका हातात माझा टॉर्च. मी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं तशा ओरडल्या, "बाबा नको!"

मी खरंच थकलो होतो. पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. का गं नको बाबा?

तिने हेल्मेट वर सरकवलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी डुलकीकडे पाहतो. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी बाबा." माझ्या पोटावर बोट ठेवलं. "तू मामा."

एका लिफ्टला एकच निरीक्षक असतो. दोन बाबा कसे चालतील?

मी कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिलो. पिशवीतून वही काढून हातात धरली, कारण मामाच्या हातात ती असायची हे मला आठवलं. तिने टॉर्च मारून दाराची फट पाहिली. छताकडे पाहिलं, मान मोडेपर्यंत. टक टक टक. ऐकलं. "चालेल." मग बटण.

रोज सकाळी पाळणाघरात सोडताना मी लिफ्टच्या दारावर टकटक करतो. सवय. ती तेव्हा कडेवर असते, फळीसारखी. मला वाटायचं तिचं लक्ष नसतं.

पाच, चालेल. चार, चालेल. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, तशी ती उकिडवी बसली. इथे लिफ्ट दोन बोटं खाली थांबते. केव्हापासून मी सांगतोय, डुलकीने परवासुद्धा पाहिलं नाही. तिने त्या पायरीला दोन बोटं लावली, एकावर एक, मी लावतो तशी. मान हलवली. "नाही चालेल. लिही."

मी लिहिलं.

साडेबारापर्यंत वर-खाली. किती फेऱ्या झाल्या ते माहीत नाही. पिशव्या सहाव्या मजल्यावरच राहिल्या. शेवटी शेवटी चौथ्यावर आजी आत आल्या, दहा दिवसांनी खाली निघालेल्या. तक्रार कोणाची होती हे आता सगळ्या इमारतीला कळलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. हेल्मेटला विचारलं, "कोणाबरोबर आलीस गं?"

ती म्हणाली, "मामा."

"अगं, मामा काल गेला. हा कोण?"

"मामा," ती ठामपणे म्हणाली.

"असं होय," आजी म्हणाल्या. "जुना चांगला होता हो. हा नवा कसा आहे?"

बाईसाहेब वळल्या. मला खालून वरपर्यंत टॉर्च मारला. माझ्या गुडघ्यावर तीनदा टकटक केलं, कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"चालेल."